जायरोला ऊब द्यायची तर पीटीसी एकटा पुरतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की सर्व्हेच्या ड्रोनसाठी स्वतः बनवलेल्या बोर्डवर बॉशचा बीएमआय ०८८ (जायरो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर एकत्र असलेला सेन्सर) बसवलाय, दुपारी टेबलावर एकदम शहाण्यासारखा वागतो पण थंडीत पहाटे चालू केला की जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा भाग) सरकत राहतो, म्हणजे स्थिर असूनही फिरतोय असं दाखवतो, आणि कुणीतरी सुचवलंय की ६० अंशाचा पीटीसी हीटर (तापला की ज्याचा रेझिस्टन्स वाढतो असा) मागून चिकटव, तो स्वतःच टेंपरेचर धरून ठेवतो, कंट्रोलर वगैरे काही लागत नाही. तर एवढ्यावर भागेल का?

अर्धवट भागेल. मी गेली बरीच वर्षं हेच काम करतोय, आधी रेल्वे ट्रॅक मोजायच्या ट्रॉलीसाठी आणि नंतर ड्रोनसाठी इनर्शिअल (हालचाल मोजणारे) बोर्ड बनवले, आणि पीटीसीवर माझा खरंच जीव आहे, पण तो नेमकं कशाचं टेंपरेचर धरून ठेवतो हे नीट कळलं नाही तर महिनाभर डोकं आपटत बसाल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघू की एका अंशाची किंमत काय. बीएमआय ०८८ च्या डेटाशीटमधे जायरोचा ऑफसेट (स्थिर असतानाही दिसणारा खोटा आकडा) टेंपरेचरच्या दर अंशाला ०.०१५ अंश प्रति सेकंद सरकतो असा टिपिकल आकडा आहे, आणि अ‍ॅक्सेलरोमीटरचा (प्रवेग आणि तिरकेपणा मोजणारा भाग) ०.२ मिली-जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाचा पाचवा हिस्सा. वाचताना किरकोळ वाटतं. पण ०.०१५ ला ३६०० ने गुणा, तासाला ५४ अंश होतात. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते, म्हणजे सेन्सर एका अंशाने तापला की त्याला वाटतं आपण पृथ्वीच्या साडेतीनपट वेगाने फिरतोय! अ‍ॅक्सेलरोमीटरचंही तेच, २० अंशाचा फरक पडला तर ४ मिली-जी, म्हणजे पाव अंशाच्या जरा आत तिरका झाल्याचा भास, आणि १०० मीटर उंचीवरून खाली बघणाऱ्या लायडारला (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) तेवढ्यात जमिनीवरचा बिंदू ४० सेंटीमीटर लांब दिसतो. जीपीएस चांगला चालू असला तर फिल्टर (सगळ्या सेन्सरचे आकडे जुळवणारं सॉफ्टवेअर) हा बायस, म्हणजे तोच ऑफसेट, हळूहळू ओळखून काढून टाकतो, त्यामुळे हौशी ड्रोनवाल्याने यात पडायची काही गरज नाही. पण बोगद्यात, पुलाखाली, दाट झाडीत, किंवा फिल्टरला ओळखायला वेळच मिळत नाही इतक्या वेगाने टेंपरेचर बदलत असेल तेव्हा हा आकडा सरळ तुमच्या डेटात उतरतो.

आता पीटीसी. हा तुमच्या घरातच आहे. डासांच्या लिक्विडचं जे मशीन प्लगमधे लावतो त्याच्या आत राखाडी रंगाची एक छोटी टिकली असते, दोन पत्र्यांच्या मधे दाबून बसवलेली, तोच पीटीसी (प्लगमधून काढल्याशिवाय उघडू नका, आत २३० व्होल्ट थेट असतात). त्यात थर्मोस्टॅट नाही, तरी रात्रभर चालू राहिला तरी जळत नाही, आणि व्होल्टेज १९० झालं काय की २५० झालं काय त्याला फारसा फरक पडत नाही. ती टिकली बेरियम टायटेनेटच्या सिरॅमिकची असते. शुद्ध बेरियम टायटेनेटचा क्युरी पॉइंट (ज्या टेंपरेचरला त्याचे विद्युत गुणधर्म एकदम बदलतात तो) साधारण १२० अंशाला असतो, त्यात थोडी भेसळ करून ते अर्धवाहक बनवतात, आणि स्ट्रॉन्शियम मिसळलं की क्युरी पॉइंट खाली येतो, शिसं मिसळलं की वर जातो. त्या पॉइंटच्या वर गेलं की सिरॅमिकच्या कणाकणाच्या सीमेवर करंटला अडथळा उभा राहतो आणि रेझिस्टन्स हजारो पटींनी चढतो. तापला की रेझिस्टन्स वाढला, करंट कमी झाला, गरमी कमी झाली; गार झाला की उलटं. कुणी लक्ष ठेवायची गरज नाही.

पण हे सगळं चाललंय त्या टिकलीपुरतं. ती सांभाळते ती स्वतःला.

गणित करून दाखवतो, कारण याच ठिकाणी सगळे फसतात. चढाच्या भागात रेझिस्टन्स दर अंशाला १५ टक्क्यांनी वाढतो असं धरा, चांगल्या सिरॅमिकसाठी हा आकडा वाजवी आहे. बाहेर १० अंश असताना टिकली ६० वर स्थिरावली. दुपारी बाहेर ३८ झालं. आता टिकलीतून उष्णता कमी निघून जाते म्हणून ती थोडी चढते, आणि हिशोब मांडला तर ६४ च्या थोडं वर जाऊन थांबते. म्हणजे बाहेर २८ अंशाचा फरक आणि टिकलीला सव्वाचार, साडेसहा पटींनी सुधारणा, आणि तीही काही न करता. मस्तच आहे. पण तुमचा सेन्सर टिकलीत नाहीये, तो तिच्यापासून पीसीबी, गोंद, थोडी हवा एवढ्यापलीकडे बसलाय, आणि त्याची उष्णता दुसऱ्या बाजूने बाहेर झिरपतेय. समजा टिकली ते बाहेरची हवा यातला जो फरक आहे त्यातला पाचवा हिस्सा या मधल्या वाटेतच जातो. तर पहाटे टिकली ६० ला, फरक ५० चा, सेन्सर १० ने खाली म्हणजे ५० वर. दुपारी टिकली ६४ ला, फरक २६ चा, सेन्सर ५ ने खाली म्हणजे ५९ वर. टिकली चार अंश हलली आणि सेन्सर नऊ! त्या नऊचे करा गुणिले ५४.

व्होल्टेजचंही बघून घ्या. थेट बॅटरीवरून पीटीसी चालवला आणि चार सेलची बॅटरी १६.८ वरून १४ ला उतरली तर टिकली जवळजवळ २ अंशांनी खाली येते. डासांच्या मशीनला चालेल, जायरोला नाही. त्यामुळे रेग्युलेटरवरूनच द्या, आणि रेग्युलेटर निवडताना हे लक्षात ठेवा की गार पीटीसी सुरुवातीला चालू करंटच्या कितीतरी पट ओढतो, मी एकदा इन्रशचा (या सुरुवातीच्या उसळीचा) विचार न करता एक अँपिअरचा रेग्युलेटर टाकला होता आणि थंडीत बोर्ड चालू होताच रीसेट, परत चालू, परत रीसेट असा अर्धा दिवस घालवलाय.

मग करायचं काय? मी पीटीसी काढून टाका म्हणत नाही. मी म्हणतो पीटीसी हीटर म्हणून ठेवा, पण लगाम दुसऱ्याच्या हातात द्या. सेन्सरच्या अगदी शेजारी, हीटरजवळ नाही, एक १० किलो-ओहमचा एनटीसी (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा, टेंपरेचर मोजायचा भाग) बसवा, त्यावरून टेंपरेचर वाचा, आणि साधा पीआय लूप (हवं ते आणि आहे ते टेंपरेचर यातला फरक बघून पॉवर ठरवणारं कंट्रोल) करून मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) पीटीसीची पॉवर कमी-जास्त करा. पीटीसीचं स्विचिंग टेंपरेचर (जिथे रेझिस्टन्स एकदम चढतो) सेटपॉइंटच्या (जे टेंपरेचर धरायचंय त्याच्या) १०-१५ अंश वरचं निवडा, म्हणजे नेहमीच्या कामात पीटीसी साध्या हीटरसारखा वागतो, पॉवरही पुरते, आणि ज्या दिवशी मॉसफेट शॉर्ट होईल किंवा एनटीसीची तार तुटेल त्या दिवशी टिकली स्वतःहून थांबते, सेन्सर भाजून निघत नाही. साध्या रेझिस्टरच्या हीटरला हे येत नाही, त्याला मॉसफेट शॉर्ट झालेला कळतच नाही. माझ्या मते पीटीसीचा खरा उपयोग हा आहे, आणि ज्या बोर्डवर माणूस लक्ष ठेवायला नाही तिथे मी दुसरं काही वापरतच नाही.

सेन्सरच्या आतलं टेंपरेचर वाचून त्यावर लूप चालवू नका. बीएमआय ०८८ च्या आतल्या थर्मामीटरची एक पायरी ०.१२५ अंशाची आहे आणि तो सेकंद-सव्वा सेकंदातून एकदाच नवा आकडा देतो. त्यावर लूप लावला की तो एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उड्या मारतो आणि जायरोच्या आउटपुटमधे हळू लाट दिसायला लागते, वाटतं सेन्सर खराब आहे. एनटीसी आणि बऱ्यापैकी एडीसी (व्होल्टेज आकड्यात बदलणारी चिप) घेतला तर अंशाचा शंभरावा भाग सहज दिसतो. आतला आकडा लॉग मात्र जरूर करा.

आणखी एक, वॉर्मअपच्या वेळी लूपमधला इंटिग्रेटर (त्या फरकाची बेरीज साठवणारा भाग) भरत जातो आणि सेटपॉइंट आला तरी हीटर चालूच राहतो, चार-पाच अंश वर जाऊन मग सावकाश खाली येतो. सेटपॉइंटच्या दोन-तीन अंश जवळ येईपर्यंत इंटिग्रेटर बंदच ठेवा. आणि पीडब्ल्यूएमची (भराभर चालू-बंद करून पॉवर ठरवायच्या पद्धतीची) फ्रिक्वेन्सी निवडताना काळजी घ्या, मेम्स (चिपवरच सूक्ष्म यांत्रिक रचना असलेल्या) जायरोच्या आतलं कंपन दहा-वीस-तीस किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतं, त्याच्या जवळ हीटर चालू-बंद करत बसलात तर बायसमधे भलतेच ठोके दिसतात. मी शक्यतो लिनिअर चालवतो, मॉसफेट अर्धवट उघडा ठेवून, आणि तो मॉसफेटही सेन्सरच्याच बेटावर बसवतो, म्हणजे त्यात वाया जाणारी गरमीही कामी येते.

बेट म्हटलं ते सांगतो, कारण निम्मं यश तिथे आहे. सेन्सरच्या चारी बाजूंनी पीसीबीला खाचा कापायच्या, फक्त दोन-तीन अरुंद पूल ठेवायचे, वरच्या बाजूला सेन्सर आणि बरोबर त्याच्या पाठीमागे हीटर. बहुतेक जण खाचा कापतात आणि मग ग्राउंडचा अख्खा पट्टा पुलावरून नेतात. हिशोब करून बघा. ३ मिलीमीटर रुंद आणि ५ लांब एफआर-४ चा (पीसीबीच्या नेहमीच्या फायबरग्लासचा) पूल दर अंशाला ०.३ मिलिवॅट नेतो. पूल रुंद करून त्यावरून १० मिलीमीटर रुंदीचा तांब्याचा ग्राउंड नेला तर २७ मिलिवॅट, नव्वद पट! ४५ अंश फरकाला सव्वा वॅट नुसता त्या एका पट्ट्यातून पळतो, आणि वाईट म्हणजे तो एकाच बाजूने पळतो, म्हणून सेन्सरच्या एका कडेला गार आणि दुसऱ्या कडेला गरम असा उतार तयार होतो. जायरोला नुसतं टेंपरेचर बोचत नाही, हा उतार आणि टेंपरेचर बदलायचा वेगही बोचतो, कारण पॅकेज एका बाजूने ताणलं जातं आणि आतली सिलिकॉनची रचना केसभर वाकते. ०.२ मिलीमीटरच्या बारीक ट्रेसने नेलं, ट्रेस दहा मिलीमीटर लांब नागमोडी फिरवली, तर एकेक ट्रेस पाव मिलिवॅटच्या आसपास नेते, बारा ट्रेस झाल्या तरी साडेतीन मिलिवॅटच्या आत राहतं. ग्राउंडलाही दोन-तीन बारीक ट्रेसच द्या, डिजिटल सेन्सरचा करंट काही मिलिअँपिअर असतो, चालतं. हीटरच्या करंटला मात्र जाड ट्रेस लागते, ती जाणारी आणि येणारी एकमेकीला चिकटून न्या, नाहीतर बाजूच्या मॅग्नेटोमीटरला हीटरची दिशा उत्तर वाटायला लागते. स्क्रू बेटाच्या जवळ नको. वर अ‍ॅल्युमिनियमची छोटी टोपी ठेवा आणि तिच्याबाहेर फोम, टोपी आतलं टेंपरेचर सगळीकडे सारखं करते, फोम वाऱ्यापासून वाचवतो. ड्रोनच्या पंख्यांचा वारा हा सगळ्यात मोठा शत्रू आहे, तो दर सेकंदाला बदलतो.

अगदी काटेकोर काम असेल तर दोन खोल्या करा, बाहेरची खोली नुसत्या पीटीसीवर आणि आतलं बेट लूपवर. बाहेरचे २८ अंश बाहेरच्या खोलीत चार-पाच होतात, आणि आतला लूप त्याचे पन्नासावे जरी करत असला तरी सेन्सरला ०.१ अंश पोचतो, म्हणजे तासाला साडेपाच अंश. फक्त आतलं टेंपरेचर बाहेरच्या खोलीपेक्षा कायम वर ठेवायचं, कारण हीटर तापवू शकतो, गार करू शकत नाही.

यावरून सेटपॉइंटचा मुद्दा. आर्डूपायलटवर (ड्रोन उडवायचं ओपन-सोर्स सॉफ्टवेअर) चालणाऱ्या क्यूब बोर्डमधे आयएमयूला (जायरो-अ‍ॅक्सेलरोमीटरच्या संचाला) हीटर असतो आणि टार्गेट ४५ अंशाचं दिलेलं असतं, पॅरामीटर बीआरडी हीट टार्ग. जगातल्या बऱ्याच ठिकाणी ४५ ठीक आहे. मे महिन्यात चंद्रपूरला सावलीतच ४५-४६ असतं, काळ्या डब्यात उन्हात ६० होतं, मग हीटर बंद पडून राहतो आणि सेन्सर वाऱ्यावर, म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज त्या दिवशीच लगाम सुटलेला. विदर्भात काम करणाऱ्यांनी सेटपॉइंट ६५ च्या आसपास घ्यावा, डबा पांढरा रंगवावा आणि टेकऑफ आधी सावलीत ठेवावा. फार वरही जाऊ नका, या सेन्सरची मर्यादा ८५ ची आहे आणि जितकं वर तितका तो लवकर म्हातारा होतो, हीटरची पॉवरही थंडीत दुप्पट लागते. मी स्वतः दोन सेटपॉइंट ठेवतो, हिवाळ्याचा ५० आणि उन्हाळ्याचा ६५, आणि प्रत्येकासाठी वेगळं कॅलिब्रेशन (ऑफसेट मोजून वजा करायचं काम). एकाचं कॅलिब्रेशन दुसऱ्याला लावायचं नाही.

आता तुमच्या पहाटेच्या सरकण्याकडे येतो, कारण मला जवळजवळ खात्री आहे तिथे काय होतंय. डिसेंबरात निफाडजवळ एका द्राक्षबागेचं मॅपिंग करत होतो. निफाडची थंडी माहिती असलेल्यांना सांगायला नको, त्या पहाटे गाडीतला थर्मामीटर ६ दाखवत होता, बागेच्या तारांवर दंव होतं आणि बागवाले काका शेकोटी पेटवून बसले होते. ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून बॅटरी लावली, मिनिटभरात जायरो कॅलिब्रेट झाला, उडवला. पाच मिनिटांत ड्रोनचं तोंड हळूहळू वळायला लागलं, खाली उतरवला, परत कॅलिब्रेट, तर आता एकदम छान! घरी येऊन लॉग उघडला तेव्हा दिसलं की कॅलिब्रेशन झालं तेव्हा सेन्सर १४ अंशाला होता आणि हीटर त्याला ५० कडे ओढत होता. ३६ अंशाचा फरक, गुणिले ०.०१५, म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त प्रति सेकंद. हीटर आपलं काम चोख करत होता, मी त्याला थांबायला वेळ दिला नव्हता. बिनहीटरचा बोर्ड त्या दिवशी कदाचित बरा वागला असता, कारण तो इतका तापलाच नसता.

म्हणून सेटपॉइंट गाठून, त्यावर अजून पाच-सात मिनिटं स्थिर राहिल्याशिवाय कॅलिब्रेट करायचं नाही आणि ड्रोनला आर्म (मोटर चालू करायला तयार) होऊ द्यायचं नाही. एनटीसी सेटपॉइंट दाखवतो तेव्हा सेन्सरचं पॅकेज आणि खालची पीसीबी अजून स्थिरावत असतात, त्यांना वेळ लागतो. आर्डूपायलटमधे बीआरडी हीट लो-मार्जिन नावाचा पॅरामीटर आहे, टेंपरेचर टार्गेटपेक्षा तेवढं खाली असेल तर आर्मच होत नाही, तो वापरा. शेतकऱ्याला उशीर होतोय म्हणून तो चेक बंद करायचा मोह होतो, मलाही झालाय. त्यापेक्षा गाडीतच एक छोटी बॅटरी लावून वाटेतच बोर्ड तापत ठेवा, मी आता तेच करतो.

हीटर लावला म्हणून टेंपरेचर कॉम्पेन्सेशन (टेंपरेचरनुसार बायस हिशोबाने वजा करणं) सोडू नका. बोर्ड फ्रीजरमधे गार करायचा (पिशवीत घालून, नाहीतर बाहेर काढल्यावर पाणी धरतो), मग बाहेर काढून अजिबात न हलवता चालू करायचा आणि तापताना लॉग घ्यायचा, आर्डूपायलट त्यावरून तिसऱ्या घाताची बहुपदी बसवतो. पण ही एकटीसुद्धा पुरत नाही, कारण चढताना आणि उतरताना बायसची वाट वेगळी असते. बायस उभा आणि टेंपरेचर आडवं असा ग्राफ काढलात तर एक रेघ दिसत नाही, चपटी पोळी दिसते. त्या पोळीची जाडी कुठलीच बहुपदी काढू शकत नाही, हीटरच काढतो, सेन्सरला एका जागी उभं करून. उरलेला अर्धा-पाऊण अंश बहुपदीने काढायचा.

पावसाळ्याचा एक फायदा कुणी सांगत नाही. मेम्सचं प्लास्टिकचं पॅकेज ओलावा शोषतं, किंचित फुगतं, आणि ऑफसेट हलतो. रत्नागिरीकडे जुलैत ठेवलेला बोर्ड कोरड्या महिन्यातल्या कॅलिब्रेशनशी जुळेनासा होतो. गरम ठेवलेल्या सेन्सरभोवती आर्द्रता कमी राहते म्हणून तो फरक बराच आटतो, त्यामुळे कोकणात काम असेल तर आदल्या रात्रीपासून हीटर चालू ठेवणं वाया जात नाही.

शेवटी तपासायचं कसं. खर्चिक चेंबर नको. थर्माकोलच्या खोक्यात बोर्ड ठेवा, रात्री फरशीवर, कुणी चालत नाही अशा खोलीत, आणि सहा-सात तास लॉग घ्या. मधेच बर्फाच्या दोन पिशव्या आत सरकवा. मग सकाळी खोकं काढून टेबलफॅन एकदम बोर्डवर सोडा आणि एनटीसीचा आकडा, सेन्सरच्या आतला आकडा आणि जायरोचा एका मिनिटाचा सरासरी बायस एकाच ग्राफवर बघा. एनटीसी हलला नाही पण बायस हलला, तर उतार आहे, बेटाकडे आणि ग्राउंडच्या ट्रेसकडे बघा. एनटीसी आणि बायस दोन्ही हलले तर लूप कमकुवत आहे किंवा हीटरची पॉवर संपली. एनटीसी स्थिर, बायस स्थिर, पण आतला आकडा हलतोय, तर बहुतेक ती नुसती त्याची ०.१२५ ची पायरी आहे, सोडून द्या. तुमचा आधीचा पहाटेचा लॉग असेल तर त्यात आधी एवढंच शोधा की जायरो कॅलिब्रेट झाला त्या सेकंदाला सेन्सर किती अंशाला होता आणि उड्डाणाच्या शेवटी किती.